पहिलं घर अडतं ते हप्त्याच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावच्या एमआयडीसीत पाइपच्या कंपनीत नोकरी, हातात २६ हजार येतात. पत्नी घरी शिलाईकाम करते, तिचे महिन्याला आठेक हजार सुटतात. दोन लेकरं, पत्र्याच्या दोन खोल्या, भाडं साडेपाच हजार. पिंप्राळ्याच्या पुढे एक रो-हाऊस पसंत पडलंय. बिल्डर २७ लाख सांगतो, त्यातले २२ लाख कागदावर आणि ५ लाख ‘वरचे’. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत ५१ हजारांचं टोकन दिलं तर भाव धरून ठेवतो म्हणतो. पहिल्या घरासाठी सरकार एवढ्या योजना काढतं, त्यातली आम्हाला कोणती लागू होते, आणि या योजनांमुळे घर खरंच स्वस्त होतं का?

भाऊ, मी बँकेत २७ वर्षं काढली. त्यातली १८ गृहकर्जाच्या टेबलावर, चाळीसगाव, धुळे आणि शेवटी जळगाव. तुमच्यासारखं जोडपं महिन्यातून दहा वेळा समोर बसायचं आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “साहेब, हप्ता किती बसेल?” मी त्यांना नेहमी म्हणायचो, हप्त्याचं नंतर बघू, आधी हातात किती आहेत ते सांगा. कारण आपल्याकडे पहिलं घर हप्त्यावर फारसं अडत नाही. ते अडतं हप्ता सुरू होण्याआधी जी रक्कम उभी करावी लागते तिच्यावर. म्हणून तुमचाच हिशेब आधी मांडतो, योजनांचा अर्थ त्यातूनच कळेल.

बँक २७ लाखांवर कर्ज देत नाही, २२ लाखांवर देते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाता येतं, म्हणजे १९ लाख ८० हजार. पण हे झालं घराच्या बाजूनं. तुमच्या बाजूनं बँक काय बघते? पगाराची स्लिप. शिलाईचे आठ हजार कुठल्याच कागदावर नाहीत, म्हणून ते बँकेच्या लेखी शून्य. २६ हजारांतून अर्धे हप्त्याला धरले तर १३ हजार. आठ टक्के दराने, २० वर्षांसाठी एका लाखाला साधारण ८३६ रुपये हप्ता बसतो. त्या हिशेबाने कर्ज झालं साडेपंधरा लाख.

आता बाकीचं बघा. कागदावरच्या २२ लाखांतले साडेसहा लाख तुमचे. वरचे ५ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत सगळं धरून ६ टक्के, म्हणजे १ लाख ३२ हजार. नोंदणी फी एक टक्का, २२ हजार. बांधकाम चालू असताना घेतलं तर जीएसटी एक टक्का, आणखी २२ हजार. बँकेची प्रोसेसिंग फी आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट (जागेच्या जुन्या व्यवहारांचा तपास) वेगळा. बेरीज सव्वातेरा लाखांवर जाते. २६ हजार पगाराच्या माणसाने एवढे आणायचे कुठून? मग वडिलांचा कापूस, आईची पोत, मेहुण्याकडून दोन लाख आणि उरलेले महिन्याला तीन टक्क्यांनी खासगीत. घर होतं, पण पहिली पाच वर्षं त्या घरात शांत झोप लागत नाही. असे कितीतरी लोक मी पाहिलेत. बँकेचा हप्ता कधी चुकवायचे नाहीत, पण वरच्या व्याजापायी लेकराची शाळा बदलायचे.

तेव्हा कुठल्याही धोरणाला मी एकच प्रश्न विचारतो. यातली पहिली रक्कम किती कमी झाली?

सध्या शहरी भागात मुख्य योजना आहे ती प्रधानमंत्री आवास योजना, शहरी २.०. ती १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे. तिच्यात तुमच्या कामाचा भाग म्हणजे व्याज अनुदान. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, भारतात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नको आणि गेल्या २० वर्षांत कुठल्या सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नको. यात बसलात तर पहिल्या ८ लाख कर्जावर १२ वर्षांसाठी ४ टक्के अनुदान मिळतं, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. तुमचं दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न चार लाखांच्या थोडं वर जातं, म्हणजे अल्प उत्पन्न गटात तुम्ही बसता.

योजना चांगली आहे, घ्याच. पण पैसे कधी येतात ते बघा. पाच वार्षिक हप्त्यांत, म्हणजे वर्षाला ३६ हजार, आणि तेही कर्जखात्यात. सव्वातेरा लाख उभे करायच्या दिवशी त्यातला एक रुपयाही तुमच्या हातात नसतो. आधीच्या योजनेत, २०१५ पासून २०२२ पर्यंत, अल्प उत्पन्न गटाला २ लाख ६७ हजारांपर्यंत मिळायचे आणि ते एकरकमी कर्जखात्यात जमा व्हायचे, त्यामुळे हप्ता लगेच हजार-दोन हजारांनी खाली यायचा. तेव्हाही पहिल्या रकमेला मदत नव्हतीच. उलट शहराबाहेर लेआउटच्या पाट्यांवर ‘सबसिडी वजा जाता फक्त इतके लाख’ असं रंगवलेलं असायचं. गिऱ्हाइकाला अजून न मिळालेलं अनुदान बिल्डरने भावात आधीच मोजलेलं!

हा काही आपल्याच भागातला अनुभव नाही. इंग्लंडमध्ये २०१३ पासून पहिल्या घरासाठी सरकार किमतीच्या पाचव्या हिश्शापर्यंत उसने पैसे द्यायचं. २०२२ मध्ये तिथल्याच संसदेच्या एका समितीने म्हटलं की जिथे घरांची सर्वांत जास्त गरज होती तिथे या योजनेने भाव अनुदानापेक्षाही जास्त वाढवले. घरं तेवढीच आणि गिऱ्हाइकाच्या खिशात सरकारने पैसे घातले, तर ते शेवटी जमीनवाल्याकडेच जातात.

प्राप्तिकराच्या सवलतीचं लोक फार विचारतात. व्याजावर दोन लाखांची वजावट जुन्या करपद्धतीत आहे. नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाला ती मिळत नाही. आणि तुमच्या उत्पन्नावर मुळात करच लागत नाही. तो मुद्दा सोडून द्या.

मुद्रांक शुल्काचं मात्र महत्त्वाचं आहे, कारण ते पहिल्याच दिवशी द्यावं लागतं. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावाने घर घेतलं तर एक टक्का सूट आहे. २२ लाखांवर २२ हजार वाचतात. अट एवढीच की खरेदी फक्त बाईच्या नावाने हवी, नवरा-बायको दोघांच्या नावाने केली तर सूट जाते. तुम्ही कर्जात सहकर्जदार राहिलात तरी चालतं, खरेदीखतावर नाव नसलं म्हणून बिघडत नाही. पूर्वी असं घेतलेलं घर १५ वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये काढली. कोविडच्या वर्षी, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, राज्याने शुल्क थेट तीन टक्क्यांनी कमी केलं होतं. निबंधक कार्यालयाबाहेर तेव्हा लागलेल्या रांगा मी डोळ्यांनी पाहिल्यात. त्यातले बरेच जण दुसरं-तिसरं घर घेणारे होते. तीच सवलत फक्त पहिल्या घराला, ठरावीक किमतीच्या आत, कायमची दिली तर तिचा खरा उपयोग होईल. माझं तर मत आहे की २५ लाखांच्या आतल्या पहिल्या घराला मुद्रांक शुल्क पूर्ण माफ करावं. सरकारचं थोडं उत्पन्न बुडेल, पण तुमच्या हिशेबातले १ लाख ३२ हजार पहिल्याच दिवशी कमी होतील.

आता ‘वरच्या’ पाच लाखांकडे येतो. त्यांच्याबद्दल कुठल्याच योजनेत शब्द नाही. या रकमेवर कर्ज मिळत नाही, तिची पावती मिळत नाही, उद्या व्यवहार फिसकटला तर ती मागता येत नाही. आणि रोखीचा हिस्सा मागण्याची चाल प्लॉटपासूनच सुरू होते: बिल्डरने जमीन घेताना रोख दिलेली असते, ती तो तुमच्याकडून वसूल करतो. सरकारी मूल्यदर, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, तो आणि बाजारभाव यांतलं अंतर जेवढं मोठं तेवढा हा रोखीचा हिस्सा मोठा. म्हणून मी नेहमी म्हणतो, मूल्यदर बाजारभावाच्या जवळ आणा आणि त्याच वेळी शुल्काचा टक्का खाली आणा. नुसते दर वाढवले तर पहिल्या घराच्या माणसावर बोजा पडतो. दोन्ही एकदम केलं तर व्यवहार कागदावर येतो आणि कागदावर आलेल्या रुपयाला बँक कर्ज देते.

पण या सगळ्याच्या मुळाशी जमीन आहे, आणि तिच्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय.

धुळ्याला असताना एक गृहस्थ आले होते, एसटीतले मेकॅनिक. साडीच्या दुकानाची पिशवी टेबलावर ठेवली आणि तिच्यातून घडी करून करून फाटायला आलेला शंभराचा स्टॅम्पपेपर काढला. एक गुंठा जागा, २००९ मध्ये नोटरीवर घेतलेली. सोबत सातबारा. त्यावर अकरा नावं, सगळं क्षेत्र सामाईक, आणि त्या अकरांत यांचं नावच नाही. जागेवर त्यांनी पाया भरून ठेवला होता, चार पिलर उभे होते, सळया गंजत होत्या. म्हणाले, “साहेब, जागा मनी शे, पैसा भरेल शे, मग कर्ज का बरं नही भेटत?” म्हणजे जागा माझी, पैसे भरलेले, मग कर्ज का मिळत नाही? मी काय उत्तर देणार? माणसाने पै-पै भरली होती, सात वर्षं भाड्याच्या खोलीतून रोज त्या पिलरकडे बघत होता, आणि कायद्याच्या नजरेत त्याच्याकडे जागाच नव्हती. शेवटी त्यांनी सोसायटीचं कर्ज आणि बायकोचं सोनं घालून पत्र्याच्या दोन खोल्या काढल्या. स्लॅब पडला नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला जातो, तेव्हा पत्र्याखाली राहणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

जळगाव, धुळे, चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर, कुठल्याही शहराच्या कडेला जा, असे अर्धवट पिलर दिसतात. तुकडेबंदी कायदा १९४७ चा. शेतीचे फार लहान तुकडे पडू नयेत हा त्याचा हेतू. आजही जिरायतीत २० आणि बागायतीत १० गुंठ्यांच्या खालचा तुकडा त्यात अडकतो. शेतीसाठी हेतू बरोबरच होता. पण शहर शेतात शिरलं, रीतसर बिगरशेती लेआउटमधला प्लॉट गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला, आणि त्याने नाइलाजाने गुंठा घेतला. स्वस्त मिळाला म्हणून घेतला, आणि स्वस्त होता कारण कागद नव्हता.

असे गुंठ्यागुंठ्याने विकलेले तुकडे म्हणजे गुंठेवारी. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा जागा नियमित करायची वाट दिली. २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू केली. २०२५ च्या अखेरीस तुकडेबंदीतही बदल झाला: १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात निवासी वापराच्या भागांत झालेले असे व्यवहार शुल्क न घेता नियमित करता येतील. माझ्या दृष्टीने पहिल्या घरासाठी गेल्या दहा वर्षांत झालेलं हे सर्वांत मोलाचं काम आहे, आणि त्याची चर्चा अनुदानाच्या दहाव्या हिश्शानेही होत नाही. त्या मेकॅनिकला दीड लाखाचं अनुदान नको होतं. त्याला सातबाऱ्यावर नाव हवं होतं, पुढचं त्याचं तो बघणार होता.

मात्र नियम निघाला म्हणजे नाव लागलं असं होत नाही. नोटरीवाल्यांना आधी खरेदीखत नोंदवावं लागतं, त्यासाठी मूळ मालक किंवा त्याचे वारस सहीला आणावे लागतात, आणि तो मालक आज शहरात नसतो किंवा सहीचे वेगळे पैसे मागतो. तलाठी, भूमी अभिलेख, निबंधक आणि महापालिका या चौघांनी वॉर्डावॉर्डात एका मांडवाखाली बसून शिबिरं घेतली तरच हे पुरं होईल. नाही तर तो कागद एजंटाच्या हातात जाईल आणि गुंठ्यामागे त्याचा वेगळा भाव निघेल.

दुसरी गोष्ट रीतसर जमिनीची. मोठ्या लेआउटमध्ये २० टक्के भाग दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचा, असा सर्वसमावेशक गृहनिर्माणाचा नियम राज्यात आहे. पण तो मुळात दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांसाठी आखला गेला. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४ लाख ६० हजार, धुळे पावणेचार लाख. म्हणजे नाशिकच्या कामगाराला या नियमातून म्हाडाच्या सोडतीत घर लागू शकतं, जळगावच्या कामगाराला नाही. म्हाडाच्या नाशिक मंडळाच्या कार्यक्षेत्रात आपले खानदेशचे तिन्ही जिल्हे आहेत, पण सोडतीची जाहिरात उघडून बघा, घरं बहुतेक नाशिक शहरातलीच. खानदेशच्या दोन्ही महापालिकांना हा नियम लागू करा, पण फ्लॅट मागू नका, लहान प्लॉट मागा. आपला माणूस घर टप्प्याटप्प्याने बांधतो. आधी एक खोली आणि मोरी, मग पुढचा हॉल, मुलाच्या लग्नाला वरचा मजला. चाळीस-पन्नास चौरस मीटरचा कागदोपत्री स्वच्छ प्लॉट, समोर रस्ता, नळ आणि गटार, एवढं मिळालं तर सरकारने त्याला घर बांधून द्यायची गरज नाही. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्या, तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला आवास योजनेतून अडीच लाख मिळतातच, दीड लाख केंद्राचे आणि एक लाख राज्याचे.

सरकारने स्वतः घरं बांधायची म्हटलं की जळगावकराच्या मनात काय येतं ते वेगळं सांगायला नको. नव्वदच्या दशकात तेव्हाच्या नगरपालिकेने अकरा हजारांवर घरकुलं बांधायला काढली, पुरी झाली जेमतेम दीड हजार. ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्या प्रकरणात ४८ जणांना दोषी ठरवलं. हुडको या घरबांधणीला कर्ज देणाऱ्या केंद्र सरकारच्या कंपनीच्या कर्जाचा बोजा महापालिकेने पुढे वर्षानुवर्षं वाहिला, त्या काळात शहराचे रस्ते आणि गटारी कशा राहिल्या ते आपण सगळ्यांनी भोगलंय. म्हणून मे २०२५ च्या राज्य गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट वाचलं तेव्हा मी आधी हेच शोधलं की जमीन कोणाची, कुठे, आणि तिथे पाणी कोण नेणार. आकडा मोठा असला की मला भीती वाटते.

बांधकामाच्या खर्चावर दोन ओळी. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा थोडा फरक पडतो. खरी डोकेदुखी वाळूची आहे. गिरणा आणि तापी उशाला असून आपल्या माणसाला वाळू रात्रीच्या डंपरने, सांगेल त्या भावाने घ्यावी लागते. घरकुलाच्या लाभार्थ्याला पाच ब्रास वाळू मोफत द्यायचं ठरलेलं आहे. ती दारात पडली पाहिजे.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो.

पत्नीचं शिलाईचं उत्पन्न कागदावर आणा. तिच्या नावाने बँक खातं असेलच, उद्यम नोंदणी (लहान धंद्याची सरकारी नोंदणी) मोफत होते, ती करा, येणारे पैसे शक्यतो त्या खात्यावर घ्या आणि दोन वर्षं तिचं प्राप्तिकराचं विवरणपत्र भरा. कर शून्य असला तरी भरा. बँकेने ३४ हजार धरले की तुमची कर्जाची पात्रता साडेपंधरा लाखांवरून वीस लाखांवर जाते. हप्ता १६-१७ हजारांचा होईल, तो भाड्याच्या तिप्पट आहे, तेव्हा पेलेल का हे आजच तपासा: दर महिन्याला भाडं भरून वरचे दहा हजार वेगळ्या खात्यात टाका. दोन वर्षं न चुकता टाकू शकलात तर हप्ता पेलेल, आणि हातात व्याजासह अडीच लाख असतील. ते पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पोस्टात ठेवा. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी पतसंस्थेत ठेवलेल्या ठेवी आपल्या जिल्ह्यात किती घरांच्या बुडाल्या, हे तुमच्या वडिलांना विचारा. पीएफमधूनही घरासाठी रक्कम काढता येते, कंपनीच्या कार्यालयात तुमची किती शिल्लक आहे ते बघा.

दोन वर्षं थांबलात तर योजना संपेल ही भीती बिल्डर घालतो. आवास योजनेची मुदत २०२९ पर्यंत आहे. कर्जाचा दरही सध्या तुमच्या बाजूने आहे, २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, ६.५० टक्क्यांवरून ५.२५ पर्यंत खाली आला. कर्ज रेपोशी जोडलेलंच घ्या आणि बदलत्या दराचं घ्या, त्यावर आधी परतफेडीचा दंड लागत नाही. गावाकडे कापसाचे पैसे आले की त्यातले वीस-पंचवीस हजार दर वर्षी मुद्दलात भरत गेलात तर २० वर्षांचं कर्ज कितीतरी आधी फिटतं.

आणि आखाजीचं टोकन देऊ नका. बिल्डरकडे आधी चार कागदांच्या प्रती मागा: बिगरशेती आणि लेआउट मंजुरीचा आदेश, बांधकाम परवाना, त्याच्या नावाचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, आणि महारेराचा (बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठपर्यंत घरांच्या प्रकल्पाला महारेरा नोंदणीतून सूट आहे आणि आपल्याकडची बरीच रो-हाउसेस त्याच मापात बसवलेली असतात, तेव्हा नोंदणी नाही म्हणाला तर का नाही ते लेखी मागा. नोंदणी असेल तर साठेखत (विक्रीचा करार) नोंदवल्याशिवाय तो दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. त्या प्रती घेऊन बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाकडे जा, चार-पाच हजारांत तो तीस वर्षांचा सर्च काढून देतो. शेवटी बिल्डरला एवढंच विचारा की पूर्ण २७ लाख कागदावर घेतोस का. तुमचं मुद्रांक शुल्क ३० हजारांनी वाढेल, पण पाच लाखांतल्या साडेचार लाखांवर कर्जाची वाट मोकळी होईल. हो म्हणाला, तर तुमच्या पगाराच्या स्लिपा आणि ते कागद घेऊन बँकेत जा. नाही म्हणाला, तर पिंप्राळ्याच्या पुढे अजून पुष्कळ लेआउट पडलेत.